तिसरी अडचण

फॉर्ममध्ये अडचणींसाठी तीन रकाने होते आणि माझ्याकडे अडचणी दोनच होत्या. एवढ्याशा गोष्टीवरून पुढचं सगळं घडलं, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. एके काळी मीही हा किस्सा हसतहसतच सांगायचे.

तेव्हा मी एका संस्थेत प्रकल्प समन्वयक होते. घर राजुरीचं, शेतकीची पदवी, बुडाखाली स्कूटर आणि दिवसातून दहादा ‘नवोपक्रम’ म्हणायची सवय. संस्थेचं ऑफिस पुण्यात आणि काम आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरात. तळेघरच्या पुढं एका फाट्यावर गाडी लावायची, तिथून तासभर चालायचं, की बावीस उंबऱ्यांची वाडी लागायची. भात आणि नाचणीवर जगणारी माणसं. फाट्यावर एसटी दिवसातून एकदा यायची, तीही तिच्या मनात असेल तर. स्कूटरवरूनही रोजची ये-जा झेपणारी नव्हती, त्यामुळं कामाच्या दिवसांत मी वाडीतच मुक्काम करायचे, तो एका मावशीकडं. तिचा नवरा चाकणच्या कंपनीत होता, सणासुदीला यायचा. सासऱ्याची नजर गेलेली. म्हणजे त्या घरात काम करणारे हात दोनच, आणि ते तिचे.

पहिल्या वर्षी मी नुसती पाहणी करत होते. आवणीचे दिवस होते. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. हे काम वाडी मिळून करायची. आज याच्या खाचरात सगळे, उद्या त्याच्या. या आळीपाळीनं राबण्याला तिकडं पडकई म्हणतात. आवणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माणसं देवळापुढं बसली. वाडीतले सगळ्यात म्हातारे बाबा तंबाखू मळत मावशीच्या घराकडं मान करून म्हणाले, “उंद्या तिच्याकडं.” बैठक संपली. चहा व्हायला जेवढा वेळ लागला तेवढाही ठरवायला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीतली झाडून सगळी माणसं आणि सहा बैलजोड्या मावशीच्या खाचरात उतरल्या. संध्याकाळपर्यंत तिची आवणी उरकली. मग पाण्याच्या उतारानं, वरच्या खाचरापासून खालच्या खाचराकडं, एकेका घराचं काम होत गेलं. मी चिखलात उभ्या असलेल्या एका शेजारणीला विचारलं, की सुरुवात हिच्यापासूनच का?

“हिचं मागं ऱ्हायलं तर हिला कोण पुरं पडनार?” ती म्हणाली. “आमचं मागं ऱ्हायलं तर आमी घरचे पाच जन रेटून काढू. दर साली पयला दिस कमी हाताच्या घरचा.”

मी ते वहीत लिहून घेतलं. ही वही अजून माझ्याकडं आहे आणि ते पान उघडायचं मी टाळते.

हिवाळ्यात पुण्याच्या ऑफिसात नव्या प्रकल्पाचा अर्ज भरायला बसले. निधी देणारी एक परदेशी संस्था होती, अर्ज तिचाच. ‘स्थानिक पातळीवरील अडचणी : किमान तीन.’ पहिली लिहिली, बैलांनी चिखलणी करायला फार वेळ जातो. दुसरी लिहिली, रस्ता नाही. तिसरी सुचेना. आमचे साहेब दारातून विचारून गेले, “झालं का? पाचपर्यंत पाठवायचंय.” मी वही चाळली आणि तिसऱ्या रकान्यात लिहून टाकलं : ‘कामाचा क्रम तोंडी ठरतो. त्यात पारदर्शकता नाही.’

देवाशपथ सांगते, लिहिताना मला ते खोटंही वाटलं नाही. रकाना भरला याचंच समाधान होतं.

गंमत म्हणजे निधी देणाऱ्यांना पहिल्या दोन अडचणींपेक्षा ही तिसरीच आवडली. रस्ता काय, कुणीही मागतं. पॉवर टिलर, म्हणजे चिखल करायचं ते दोन चाकांचं यंत्र, तेही पुष्कळ ठिकाणी दिलेलं. पण कामाचा क्रम मोबाईलवर! ‘जो आधी नोंदवेल त्याचा आधी नंबर’, कुणाचा वशिला नाही, कुणाची दादागिरी नाही. साहेबांनी बैठकीत सगळ्यांपुढं माझं कौतुक केलं. जिथं ना वशिला होता ना दादागिरी, तिथून मी ती दोन्ही हद्दपार केली होती.

उन्हाळ्यात टिलर वाडीत आला. फाट्यापासून आठ जणांनी तो दांड्याला बांधून खांद्यावर आणला. ओढ्याकाठच्या ओल्या खाचरात चालवून दाखवला, तेव्हा वाडी बघतच राहिली. मीही आतून फुलून गेले. बैल आता कशाला सांभाळायचे, असं लोक आपापसात बोलायला लागले आणि मी त्यांना अडवायचं सोडून मदतीला धावले. बेल्ह्याचा जनावरांचा बाजार आमच्या राजुरीच्या शेजारी. तिथले व्यापारी माझ्या भावाच्या ओळखीचे. मीच टेम्पो ठरवून दिला. सहातल्या चार जोड्या बेल्ह्याला गेल्या. फळीवरून टेम्पोत चढणाऱ्या बैलांचा फोटो काढून मी अहवालात लावला आणि खाली लिहिलं, ‘परंपरेकडून आधुनिकतेकडे’. त्या फोटोत एका बैलाची मान मागं वळलेली आहे. तेव्हा मला ती दिसली नव्हती.

नोंदणीची पद्धत समजावून सांगायला मी देवळापुढं सगळ्यांना बोलावलं. बाबा उठताना म्हणाले, “ताई, त्या मोबाईलला म्हाईत हाय का, कुनाच्या घरी हात किती ते?”

“बाबा, त्याला सगळे सारखेच,” मी म्हणाले. लोक हसले, मीही हसले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी हा किस्सा नक्कल करून सांगितला आणि तिथंही पिकला हशा.

मावशीकडं साधा बटणांचा फोन होता. ती म्हणाली, “ताई, माजं तुमीच घाला.” मी म्हणाले, “घालते की.” तिच्या चुलीपुढं बसून, तिनं थापलेली नाचणीची भाकरी खाता खाता म्हणाले.

नोंदणीचा दिवस उजाडला. वाडीत रेंज फक्त वरच्या टेपाडावरच्या खडकाजवळ मिळायची, म्हणून सकाळपासून पोरं तिथं जाऊन बसली होती. नेमकी त्याच दिवशी निधी देणाऱ्यांची माणसं भेटीला आली. मी फाट्यावर छत्र्या घेऊन त्यांच्या तैनातीत. त्यांना खडकाजवळ नेलं, नोंदणी करणारी पोरं दाखवली, टाळ्या झाल्या. तिथं उभं असतानाही मला मावशीचं नाव आठवलं नाही. पाहुणे परत गेले, मी दमून बसले, तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धावत खडकापाशी जाऊन नाव घातलं. नंबर आला एकोणिसावा.

क्रम बदलता येत नव्हता असं नाही. माझ्या लॉगिनमध्ये तशी सोय होती. ‘तातडीच्या कारणासाठी’ असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी तिथूनच, पोरं शेजारी बसलेली असताना, साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “पहिल्याच वर्षी आपणच नंबर फिरवले, तर पायलट प्रकल्पाला अर्थ काय राहिला? आणि एकोणिसावा म्हणजे काही जग बुडत नाही. टिलर आहे आता, आठवड्यात सगळ्यांचं होईल.” मी पुढं वाद घातला नाही. साहेबांवर ढकलायला आवडलं असतं, पण खरं कारण निराळं होतं. नंबर का बदलायचा हे लिहिताना ‘मी विसरले’ असं लिहावं लागलं असतं, आणि ते मला लिहायचं नव्हतं.

मावशीला नंबर सांगितला. ती म्हणाली, “असू द्या. मशीन हाय, येईलच.” आणि माझ्या ताटात भात वाढला.

पहिल्या नंबरचं खाचर वाडीच्या वरच्या टोकाला, दुसऱ्याचं पार खालच्या, तिसऱ्याचं पुन्हा वर. पाण्याच्या उतारानं चालायची जुनी रीत मोडली होती, त्यामुळं तो जडशीळ टिलर दर वेळी बांधांवरून उचलून न्यावा लागायचा. बाराव्या नंबराकडं नेताना तो बांधावरून घसरला आणि दगडावर आपटला. गिअरचा काहीतरी भाग फुटला. तो ना घोडेगावात मिळाला, ना मंचरात. पुण्याहून यायला नऊ दिवस लागले.

बैलांच्या दोनच जोड्या उरल्या होत्या आणि त्या आपापल्या मालकांच्या खाचरात गुंतल्या होत्या. ज्यांची घरं भरलेली होती, त्यांनी कुदळी घेतल्या, माणसं जुंपली, रेटून काढलं. मावशीकडं कुणी गेलं नाही. लोक वाईट नव्हते हो. मी एकाला विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, “आता नंबर लागलाय म्हनल्यावर मधी कोन बोलनार, ताई? आपन गेलो तर बाकीचे म्हनतील, यांचा काय संबंध?” पूर्वी बाबांनी एक शब्द टाकला की बावीस घरं हलायची. आता तो शब्द कुणी टाकायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा देवळाच्या पायरीवर बसून असायचे आणि मला पाहिलं की दुसरीकडं बघायचे.

मावशी रोज रोपांच्या कडेला उभी राहायची. रोप वेळेत लावलं नाही तर जून होतं, त्याला नंतर फुटवे येत नाहीत. हे मला पदवीच्या पुस्तकातून माहीत होतं आणि तिला पायांच्या बोटांतून. दोन दिवस मी तिच्याबरोबर कुदळ घेऊन खाचरात उतरले. माझ्या हाताला फोड आले, आणि दोघींचं झालेलं एवढंसं काम बघून तिला हसू आलं. टिलर दुरुस्त होऊन तिच्याकडं पोचला तेव्हा रोपं गुडघ्याच्या वर गेली होती. तिनं ती तशीच लावली.

कापणीला दाणा कमी आणि पेंढाच फार. तिच्याकडं ‘जीर’ या जुन्या बारीक भाताचं बियाणं होतं, सासूच्या सासूपासूनचं. आजूबाजूच्या वाड्यांतून लोक ते मागायला यायचे. त्या वर्षी पुढच्या पेरणीपुरतंही ते तिच्या कणगीत उरलं नाही.

वर्षअखेरीचा अहवाल मीच लिहिला. त्यात एक वाक्य आहे : ‘नव्या क्रमाबद्दल एकही तक्रार आली नाही.’ ते शंभर टक्के खरं आहे. मावशीनं तक्रार केलीच नव्हती. या वाक्याच्या जोरावर प्रकल्प पुढं बऱ्याच गावांत गेला, मला बढती मिळाली, पुण्यात केबिन मिळाली. वाडीतली माझी फेरी कमी कमी होत थांबली. कामं होती हे खरं, पण त्या चुलीपुढं बसायची मला लाज वाटत होती, हे जास्त खरं.

पुढं दोन वर्षांनी मी नोकरी सोडली आणि राजुरीला आले. थंडीत भावाच्या शेतात कांद्याची लागण होती. नारायणगावाहून मजुरांची पिकअप आली. त्यातून दहाबारा बायका उतरल्या आणि त्यांत मावशी होती. केस पांढरे झालेले, पाठीत थोडी वाकलेली. मला ओळखून म्हणाली, “ताई, हे तुमचं व्हय रान?” जणू काही ती सहज पाहुणीच आली होती.

सासरा वारला होता. खाचरं पडून होती. टोळीतल्या बायका कामाला लागण्याआधी बांधावर क्षणभर थांबल्या. मावशीनं तापातून उठलेल्या एका बाईला बोट करून सांगितलं, “तू कडंचा आखूड वाफा घे.” मग बाकीच्या आपापल्या वाफ्यांत उतरल्या. कुणी काही विचारलं नाही.

दुपारी जेवायला त्या बांधावर बसल्या, तेव्हा मी घरातून ताक घेऊन गेले आणि मावशीच्या शेजारी टेकले. तीन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते शेवटी सांगितलं. म्हणाले, “मावशी, त्या साली तुमचा नंबर मला बदलता येत होता. माझ्या हातात होतं. मी बदलला नाही.”

“म्हाईत व्हतं की,” ती म्हणाली. “खडकावरच्या पोरांनी सांगितलं व्हतं तवाच.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? नुसतं म्हटलं असतं तरी मी...”

तिनं ताकाचा पेला संपवला आणि पालथा ठेवला. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

“ताई, पयला दिस आमी कवा तोंडानं मागितला न्हाई. मागायचा नसतोच त्यो. दुसऱ्यानं म्हनायचं असतं, उंद्या हिच्याकडं म्हनून.” पदराला हात पुसत म्हणाली, “त्या साली ते म्हननारं मानूस तुमी व्हता.”

मग ती उठली, रोपांची जुडी उचलली आणि त्या आजारी बाईच्या शेजारच्या वाफ्यात जाऊन वाकली.