भाकरी कुणी थापल्या?

नोकरीतले बरेच गुन्हे आता कलमांसकट विसरलो. खून विसरलो, दरोडे विसरलो. पण भाकऱ्या नेमक्या कुणी थापल्या, हे शोधायला मी एक अख्खं ठाणं कामाला लावलं होतं, ते मात्र काल घडल्यासारखं लक्षात आहे. आजही कुणी विषय काढला की मी खुर्चीत पुढे सरकतो आणि घरचे लोक हळूच उठून आत जातात.

गेवराईला वाळूच्या भांडणांत घसा बसवून मी बीड जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका तालुक्याच्या ठाण्यात बदलून आलो होतो. तिथे एक संस्था सरकारी अनुदानावर हंगामी वसतिगृह चालवायची. आईबाप उसाला गेले की मुलांनी गावातच राहून शिकावं, यासाठीचं ते वसतिगृह. दिवाळीनंतर भरायचं, कोयते, म्हणजे ऊसतोडीला गेलेली जोडपी, परत आली की बंद व्हायचं. माझ्यापर्यंत प्रकरण आलं तेव्हा उन्हाळा होता, वसतिगृहाला कुलूप होतं आणि मुलं वाड्या-तांड्यांवर पांगली होती.

अर्ज दिला होता संस्थेच्या सचिवांनी, सोबत लेखापरीक्षणाचा शेरा जोडून. मजकूर सरळ होता. पगारपत्रकावर सात स्वयंपाकी बायका. संध्याकाळच्या पाळीतल्या तिघींची हजेरी अंगठ्याच्या मशीनवर रोजच्या रोज, एकही खाडा नाही. सकाळच्या चौघींचा मात्र मशीनवर पत्ताच नाही. त्यांची हजेरी कागदी हजेरीपटावर, आणि प्रत्येकीच्या नावापुढे लेखापालाची सही. म्हणजे लेखापालानं गावातल्या चार बायका नुसत्या कागदावर कामाला लावल्या आणि त्यांच्या पगारात वाटा खाल्ला, असा आरोप. रक्कम आर्थिक गुन्हे शाखेकडे जाण्याइतकी मोठी नव्हती, म्हणून तपास आमच्या गळ्यात पडला. गुन्हा दाखल झाला.

लेखापाल पन्नाशीतला माणूस. भावाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, हा घरातला एकटाच शिकलेला. वसतिगृहातली मुलं आणि बायका सगळे त्याला चाचा म्हणायचे, म्हणून आमच्या ठाण्यातही तो चाचाच झाला. संस्थेनं त्याला निलंबित केलं होतं. वरिष्ठांचा फोन आला, "कागद स्पष्ट आहेत, अटक दाखवा." अटकेचा फॉर्म टाइप होऊन माझ्या टेबलावर आला, फक्त माझी सही बाकी होती. चाचा समोरच्या बाकावर बसला होता. त्याला तो कागद दिसत होता.

"चाचा, मशीन असताना कागदावर हजेरी का घेतली?" मी विचारलं.

"साहेब, त्या चौघींचा अंगठा मशीनवर लागतच न्हाई. लई येळा केलं. म्हणून कागदावर घेतली. आन माझ्या डोळ्यासमोर कामावर हाय म्हणून मी सही केली."

"मग संध्याकाळच्या तिघींचा कसा लागतो? मशीन एकच, चूल एकच!"

त्या तिघी खऱ्या की खोट्या, असं विचारलं तर म्हणाला, "मी दुपारच्या गाडीनं घरी जातो. संध्याकाळचं मी बघितलं न्हाई. जे बघितलं न्हाई ते कसं सांगू?"

मला राग आला. माणूस तुरुंगाच्या दारात उभा आहे आणि दुसऱ्यावर बोट दाखवायला तयार नाही! इतका सरळ माणूस किंवा इतका बेरकी माणूस, दोन्ही पोलिसाला सारखेच त्रास देतात. मी सही केली नाही. कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्याला घरी पाठवलं.

गावात विचारपूस केली तर तिथे दोन गट. एका गटाच्या मते स्वयंपाक चौघींनीच केला, दुसऱ्याच्या मते त्या चौघींनी चुलीचं तोंडही पाहिलं नाही. प्रत्येकाचा जबाब त्याच्या गटाचा. मुलांना विचारावं तर पगारपत्रकावरची नावं त्यांना काय ठाऊक, त्यांच्यासाठी सगळ्याच मावशा.

मग आम्ही चौघींपैकी सगळ्यात मोठ्या बाईच्या घरी गेलो. महिलांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, घरी जाऊन घ्यायचा असा नियम आहे, आणि बरोबर महिला कर्मचारी लागते. आमच्या ठाण्याची महिला पोलीस नाईक अशा कामात पटाईत होती, आणि तोंडानं तिखट. समजपत्राची, म्हणजे चौकशीच्या नोटिशीची, पोच म्हणून बाईचा शाईचा अंगठा घेतला. कागदावर नुसता निळा डाग उमटला. पुन्हा घेतला, पुन्हा डाग. रेषाच नाहीत.

"अहो, नीट टेकवा," मी म्हणालो.

नाईक हसली. "साहेब, नीटच टेकवलाय. माझ्या आईचाबी रेशनला अंगठा लागत न्हाई. तापल्या तव्यावर भाकरी टाकायची, हातानंच उलटायची, राखेनं भांडी घासायची. पोराबाळांच्या वसतिगृहात तर शेकड्यानं भाकरी. रेषा ऱ्हातील कुठून?"

मी त्या डागाकडे पाहतच राहिलो. चाचाला मी जो प्रश्न विचारला होता, तो उलटा धरायला हवा होता. यांचा अंगठा का लागत नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याच चुलीवर, तेवढ्याच भाकऱ्या थापून त्या तिघींचा अंगठा रोज पहिल्या झटक्यात कसा लागला?

"बाई, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करायचं?" मी विचारलं.

बाईनं पदर तोंडाला लावला. नाईकनं तिच्याजवळ बसून, पाठीवर हात ठेवून पुन्हा विचारलं तेव्हा ती बोलली.

"संध्याकाळी बी आमीच. दुसरं कोण येतंय तिथं? चाचाला बी सांगितलं न्हाई. सचिव सायेबांनी बजावलतं, तोंड उघडलं तर पुढल्या हंगामाला कामावर घेणार न्हाई. मंग पुन्हा कोयता घिऊन उसातच जावं लागलं असतं, सायेब."

आता माझा पाय जमिनीवर ठरेना! पण एका बाईच्या शब्दावर कोर्ट उभं राहत नाही, आणि ती स्वतःच आरोपात अडकलेली. मला तिघींच्या तोंडून हवं होतं. त्या तिघी तालुक्याच्या गावात राहत होत्या. एक सचिवांच्या ड्रायव्हरची बायको, दुसरी त्यांची लग्न झालेली बहीण, तिसरी वहिनी. तिघींना एकमेकींशी बोलायला सवड मिळू नये म्हणून एकाच सकाळी लागोपाठ तिन्ही घरं गाठायचं ठरलं. स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो.

ड्रायव्हरच्या बायकोला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इतक्या मुलांचा स्वयंपाक कसा आवरायचा?"

ती पाठ केल्यासारखी म्हणाली, "दुपारीच सगळं पीठ मोठ्या परातीत मळून ठिवायचो, म्हंजी संध्याकाळी घाई होत न्हाई."

मी लिहून घेतलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नाईकला मात्र अचानक खोकला आला. बाहेर आल्यावर मी तिच्याकडे पाहिलं तर ती ओठ चावत होती. म्हणाली, "साहेब, आत्ता न्हाई सांगत. पुढच्या घरी हाच प्रश्न विचारा."

बहिणीच्या घरी विचारला. तेच उत्तर. तीच मोठी परात, तीच दुपार, तीच घाई. शब्दाचाही फरक नाही. आता नाईकचे डोळे चमकत होते आणि मला अजून काही कळत नव्हतं. तिला रस्त्यात विचारलं तर म्हणाली, "साहेब, घरी बाईसाहेबांना भाकरी करताना कधी बघितलंय का?" मी विषय बदलला.

तिसरं घर सचिवांचंच. ते सकाळीच जिल्ह्याला गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, जबाब तिथेच घेऊ म्हणाल्या. मी दाराशी उभं राहून तोच प्रश्न विचारला आणि वहिनींनी तेच उत्तर सुरू केलं, "दुपारीच सगळं पीठ मोठ्या परातीत..."

"थांबा वहिनी," नाईक म्हणाली. "ह्ये काय हाय?"

ओट्यावर परात होती. परातीत एका बाजूला कोरडं पीठ, आणि मधे एकाच भाकरीपुरता मळलेला गोळा.

"घरी तुमी एकेका भाकरीचं मळताव. आन तिथं दुपारी मळलेल्या पिठाची संध्याकाळी भाकरी व्हायची? ज्वारीचं पीठ हाय का मैदा? ती भाकरी थापता थापता तुटून हातात न्हाई यायची?"

वहिनी आधी लाल झाल्या. मग एकदम चिडल्याच, पण आमच्यावर नाही. "मला कळत न्हाई व्हय! मी सांगितलंतं भाऊजींना, असं कुणी मळून ठिवत न्हाई, बाया हसतील. तर म्हणले, मी सांगतो तेवढंच बोला, पोलिसाला काय कळतंय भाकरीतलं!"

खरं सांगतो, मला त्यांना हात जोडावेसे वाटले. ज्या माणसानं आयुष्यात चुलीजवळ पाट मांडून फक्त खाल्लं, त्यानं तीन सुगरणींना भाकरी कशी करतात ते शिकवलं होतं. आणि त्यांनी भीतीपोटी ते पाठही केलं होतं.

पुढचं वहिनींनी भडाभडा सांगितलं. गावात रेंज नाही या सबबीखाली हजेरीचं मशीन रोज दुपारी सचिवांच्या जीपमधून घरी यायचं. चहाच्या वेळेला तिघी दिवाणखान्यात जमायच्या, अंगठा लावायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. मशीन आत्ता कुठे आहे विचारलं तर त्यांनी कपाट दाखवलं. टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं होतं.

पंचनाम्यासाठी पंच हवे होते. एक समोरचा शिंपी आला, दुसरा घरासमोर गाडा लावणारा फळवाला. मशीन सुरू केलं आणि वहिनींनी खात्रीसाठी अंगठा टेकवला. मशीन मोठ्या गोड आवाजात म्हणालं, "थँक यू."

फळवाला उडालाच. "अरे साब, ये आवाज! ये तो मैं रोज शाम कू सुनता था. तीन बार थँक यू, थँक यू, थँक यू. मेरे कू लगा, बडे लोगां हैं, चाय पीके एक-दूसरे कू थँक यू बोलते होंगे!"

शिंप्यालाही हसू आवरेना. मी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला म्हणालो, "हे सगळं जबाबात घे, शब्द न् शब्द."

सचिव दुपारी ठाण्यात आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि दोन फोन वाजवत. मशीन जप्त झाल्याचं त्यांना अजून कळलं नव्हतं. वरच्या ओळखींची यादी ऐकवून झाली. मी शांतपणे चहा मागवला आणि म्हणालो, "तुमच्या संध्याकाळच्या बायका फार कामसू दिसतात. एवढ्या भाकऱ्या कशा आवरायच्या हो?"

"नियोजन!" ते खुलले. "माझीच पद्धत आहे ती. दुपारीच सगळं पीठ मोठ्या परातीत मळून ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी घाई होत नाही."

ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बसलेली नाईक खो खो हसत सुटली. ड्यूटीवर असं हसू नये, पण मीही तिला थांबवलं नाही. मग मी टेबलावर टॉवेल ठेवला आणि उलगडला. मशीन पाहिल्यावर त्यांचे दोन्ही फोन वाजत राहिले, त्यांनी एकही उचलला नाही. चाचानं काही आठवड्यांपूर्वी त्यांच्याकडे 'संध्याकाळच्या बायकांना एकदा भेटवा' असा आग्रह धरला होता, आणि त्यावरूनच त्याला अडकवण्याचं ठरलं, हे त्यांनी त्या संध्याकाळी कबूल केलं. ड्रॉवरमधला चाचाच्या अटकेचा फॉर्म मी काढला आणि फाडला. नवा टाइप करायला सांगितला, नाव बदलून.

या तपासानं मला काय शिकवलं? खऱ्या कामाचा कागद थोडा मळलेला असतो. त्यात डाग असतात, खाडे असतात, कुणी आजारी पडलेलं असतं. एकही खाडा नसलेली हजेरी दिसली की मी पुढे आयुष्यभर आधी तिलाच पकडलं. आणि चौकशीला जाताना बरोबरच्या सहकाऱ्याला, विशेषतः महिला सहकाऱ्याला, प्रश्न विचारू दिले. त्या दिवशी नाईक नसती तर ते उत्तर मी तीनदा सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं असतं आणि चाचाला आत टाकलं असतं.

दिवाळीनंतर वसतिगृह पुन्हा भरलं. नवी समिती आली, चाचा कामावर रुजू झाला, चौघी बायका चुलीपाशी परतल्या. पहिल्या पगाराच्या दिवशी चाचाचा फोन आला, "साहेब, येऊन जावा."

गेलो. चौघी भाकऱ्या थापत होत्या. पिठाचे हात, धूर, आणि बाहेर पंगतीत मुलांचा गलका. मलाही बसवलं. गरम भाकरी आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं, ठेचा होताच तसा. मग चाचानं पगारपत्रक पुढे केलं. चार नावं, चार निळे डाग, प्रत्येकापुढे त्याची सही. खाली एक ओळ रिकामी होती.

"इथं साक्षीदाराची सही लागते आता, नव्या नियमानं," तो म्हणाला.

"चाचा, पगारपत्रकावर पोलिसाची सही? लोक काय म्हणतील?"

"नियमात हुद्दा न्हाई, साहेब. ज्यानं डोळ्यांनी बघितलं, त्यानं करायची. तुमी बघितलं, खाल्लं बी."

मी पेन काढला. याच माणसाच्या अटकेच्या कागदावर करायची राहिलेली सही मला आठवली. हात धुवायचे राहिले होते, त्यामुळे सहीशेजारी माझ्या अंगठ्याचा ठेच्याचा ठसा उमटला. चाचानं तो पाहिला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब, तेवढाच पुरावा." चौघी पदराआड हसत होत्या, आणि मी दुसरी भाकरी मागितली.