मुळं तपासणारा शेतकरी

भाताचं रोप मुळांच्या जोरावर उभं राहतं, हे मला माहीत होतं. माझी चूक एवढीच, की मुळं धरलीत का, ते मी रोज उपटून बघत होतो.

करी रोडची आमची चाळ गेली, टॉवर आला आणि आम्हाला एकोणिसाव्या मजल्यावर बाल्कनी मिळाली. बाल्कनी मिळाली की माणूस तुळस लावतो. मी भात लावला! दसऱ्याला आम्ही दाराला 'नवं' बांधतो, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी. दरवर्षी ती दादरच्या बाजारातून येते. यंदा घरच्या लोंब्या बांधणार, असं मी मालवणच्या आत्याला फोनवर सांगून बसलो. आत्याचा उभा जन्म शेतात गेलेला. दसऱ्याला स्वतः बघायला येते म्हणाली. झालं! आता इज्जतीचा सवाल होता.

आमच्या निनादच्या लहानपणीच्या आंघोळीच्या टबात मी रोपं लावली. पण एवढ्या उंचीवरचा वारा! रोपं वाकायला लागली. मोबाईलवर वाचलं, मुळं खोल आणि दाट पसरली की रोप वाऱ्याने आडवं होत नाही. मग ती पसरली का, हे बघायला नको? एक उपटलं. पसरली नव्हती. परत खोवलं. दुसऱ्या दिवशी शेजारचं उपटलं. आल्यागेल्यालाही दाखवायचो. (दूधवाल्याला दाखवलं, तेव्हापासून तो पिशवी खाली वॉचमनकडेच ठेवतो.)

माझी बायको सुनीता म्हणायची, जरा रुजू द्या की त्यांना. मी म्हणायचो, शेतीतलं तुला काय कळतंय? (मी जन्मलो परळला. शेत पाहिलं ते मे महिन्याच्या सुट्टीत, म्हणजे रिकामं.)

दसरा आला तोवर लोंब्यांचा पत्ता नव्हता आणि रोपांनी माना टाकल्या होत्या. मी त्यांना आईस्क्रीमच्या काड्या लावल्या, निनादची फूटपट्टी लावली, सुतळीने कपड्यांच्या दोरीला बांधलं. टबाचा पार हाडांचा वॉर्ड झाला!

आत्या आली, तशी थेट बाल्कनीत गेली. तिने सुतळी सोडली आणि अख्खी रांग आडवी झाली. मी वाऱ्याला शिव्या घातल्या. तिने दोन बोटांनी एक रोप उचललं, ते अलगद हातात आलं.

"मेल्या, भात मुळांवर उभा रवता, सुतळीर न्हय."

माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात सुनीता गच्चीवर गेली आणि रंगाचा एक जुना डबा घेऊन आली. डब्यात भात! ताठ उभा, वर भरलेल्या लोंब्या. माझ्याच टबातली दोन रोपं तिने पावसाळ्यात पळवून टाकीमागे लपवली होती.

"गच्चीवर तर इथल्यापेक्षा जास्त वारा," मी म्हटलं. "तू घातलंस काय त्यात?"

"काही नाही. फक्त तुम्हाला सांगितलं नाही."

आत्याने त्याच लोंब्यांचं नवं दाराला बांधलं आणि निनाद कुठे दिसत नाही, असं विचारलं. पुण्याला हॉस्टेलवर असतो, सुनीता म्हणाली, यंदा पहिल्यांदाच सगळ्या विषयांत पास झालाय.

आत्याने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. 'अभ्यास कुठवर आला?' हे निनादला विचारायला मी फोन लावतच होतो. तो गुपचूप खिशात ठेवला.