जालन्याच्या मैदानात जाफराबादची पाटी

ज्येष्ठांच्या खेळांच्या स्पर्धेला स्वयंसेवकही ज्येष्ठच पाहिजेत, असं आमच्या नातसुनेनं, रेश्मानं, मोबाइलवर वाचलं आणि मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. "आज्जी, धावायचं न्हाई. उद्घाटनाला नुसतं उभं राहायचं." म्हटलं, उभं राहायचा सराव सासूपुढं चांगला झालेला हाय. हेही मी सांगून राह्यले आणि तीच लिहून राह्यली, तेव्हा चुका तिच्या समजा.

टेंभुर्णीहून सकाळची एसटी धरली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट लागत न्हाई, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. कंडक्टरनं कार्ड पाह्यलं, मंग मला पाह्यलं.

"आज्जी, कार्डावर जास्तच म्हाताऱ्या दिसता."

"फोटोवाल्याला घाई होती," म्हटलं.

रस्ता आता बरा हाय. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, बाया वेचणीला वाकलेल्या आणि मी खिडकीपाशी बसलेली. थोडी लाज वाटली, मजा जास्त वाटली. जालन्यात उतरल्यावर मैदानाला शेअर रिक्षा मिळते. ऊन कडक असतं, पाण्याची बाटली घरूनच न्या. मुक्कामाला माझी लेक जालन्यातच हाय, म्हणून लॉजचं मला विचारू नका.

संध्याकाळी मैदानावर तालीम झाली. जिल्ह्याचे तालुके आठ, संघ आठ. प्रत्येक संघाच्या पुढं एका बाईनं तालुक्याच्या नावाची पाटी धरून चालायचं. तालीम घेणाऱ्या मॅडमनं माझ्या हातात जाफराबादची दिली, म्हंजे आमच्याच तालुक्याची. मन भरून आलं, मंग बाकीच्या पाट्यांकडं पाह्यलं. आठी पाट्या पांढऱ्या, आठींवर निळी अक्षरं, आणि मला अक्षर येत न्हाई. गावात हे सगळ्यांना ठाऊक हाय. जालन्यात कळू द्यायचं न्हाई, असं मी बसमध्येच ठरवलं होतं.

घरी तुरीच्या डाळीचा डबा कोणता आणि हरभऱ्याचा कोणता, हे मी दोरा बांधून ओळखते. तीच युक्ती केली. बाहेरच्या दुकानातून लाल दोऱ्याचं रीळ आणलं, पाटीच्या दांड्याला तीन वेढे दिले, गाठ मारली, पाटी बाकीच्यांसंगट भिंतीला टेकवली आणि रीळ तिथंच ठेवून लेकीकडं जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला पोहे मिळाले, चहा मिळाला आणि लुगड्यावरून घालायला पांढरा टी-शर्ट मिळाला. आरशात पाह्यलं न्हाई, ते बरं केलं. मैदानात एक बाई कासोटा घट्ट ओढून गोळाफेकीचा हात मोकळा करत होती. एक आजोबा फेटा बांधून, खाली पांढरे बूट घालून उड्या मारून राह्यले होते. नातवंडं बाहेरून ओरडत होती, "आबा, दमानं." आबा कशाला ऐकतात.

मंग मॅडम म्हणाल्या, पाट्या घ्या. भिंतीपाशी गेले आणि पाहते तर आठी दांड्यांना लाल दोरा. तीन तीन वेढे.

"हे कुणी बांधलं?"

"आम्हीच की," एक बाई म्हणाली. "तुम्ही काल बांधताना पाह्यलं. म्हटलं, रीळ हाय तर सगळ्यांनाच बांधावा. कशासाठी असतो हो?"

"म्हातारं माणूस पडू नये म्हणून," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

बाकीच्यांनी आपापल्या पाट्या उचलल्या. शेवटी दोन राह्यल्या. देवाचं नाव घेऊन मी एक उचलली, दुसरी परतूर संघाच्या बाईनं उचलली. ती बाई परतूर तालुक्यातल्या आष्टी गावची होती. बँड सुरू झाला. मी जाफराबाद संघापुढं जाऊन ताठ उभी राह्यले.

संघात पहिले साळवे गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, चालण्याच्या शर्यतीला आल्ते. आदल्या दिवशी "जय भीम, आक्का" म्हणून त्यांनी ओळख करून घेतली होती. ते पुढं वाकून हळूच म्हणाले, "आक्का, ही परतूरची हाय."

"चष्मा घरी राह्यला, गुरुजी," मी म्हटलं. हे मी जन्मभर म्हणत आले. बँकेत, दवाखान्यात, बसस्टँडवर. चष्मा मला कधी लागलाच न्हाई.

गुरुजींनी आपला चष्मा काढून माझ्या हातात दिला. भला माणूस. मी तो डोळ्याला लावला. पाटी अजून मोठी दिसायला लागली, एवढंच. सगळा संघ माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला.

"चष्म्यानं काय होतंय, गुरुजी," शेवटी म्हटलं. "मला अक्षरच येत न्हाई."

रांगेतलं एकबी माणूस हसलं न्हाई. गुरुजी म्हणाले, "मंग आधी सांगायचं न्हाई का, आक्का? चला, बदलून घेऊ." माझ्यासंगट ते परतूरच्या रांगेकडं आले. आष्टीच्या बाईनं आधी गुरुजींकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावला.

"मला बी येत न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही तुमची उचलली, म्हंजे राह्यली ती माझी, असं धरून चालले."

आम्ही दोघी इतक्या हसलो, की मॅडमनं लांबून हात हलवून गप्प केलं. भर मैदानात पाट्या बदलल्या. माइकवरून जाफराबादचं नाव आलं, टाळ्या वाजल्या आणि मी माझ्या तालुक्याच्या पुढं बराबर चालले.

घरी येऊन चार दिवस झाले. पाय दुखायचे थांबले. टी-शर्ट रेश्मानं पळवला. गुरुजींचे आणि आष्टीच्या बाईचे उपकार मात्र माझ्यापाशी राह्यले, आणि परतीच्या वेळची एक गोष्ट. जालन्याच्या स्टँडवर एक पोरगी मोबाइल पाहत बसली होती. तिला म्हटलं, "माय, मला वाचता येत न्हाई. टेंभुर्णीची गाडी कोणती?"

"ती, पलीकडची," तिनं बोट दाखवलं.

सत्तर वर्षं मी जे दडवत आले, त्याच्यासाठी त्या पोरीनं मान बी वर केली न्हाई.