आमच्या गल्लीतली साखर मी संपवली

एका निवडणुकीच्या आधी आमच्या गल्लीत साखर मिळेनाशी झाली, त्याला मी एकटा जबाबदार होतो. सरकारचा त्यात हात नव्हता, विरोधी पक्षांचा नव्हता, व्यापाऱ्यांचा तर मुळीच नव्हता. (बसप्पाचा थोडा होता. पण ते नंतर.)

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आमचं घर. खाली अप्पांचं शिलाईचं दुकान, वर आम्ही चौघं: अप्पा, आई, विमलअक्का आणि मी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय अर्थशास्त्र. तोवर दोन पुस्तकं वाचली होती, त्यातलं एक अर्धं. तेवढ्यावर देशाच्या आर्थिक परिस्थितीचं मला संपूर्ण आकलन झालं होतं! वय एकोणीस. तेव्हा एकवीस पूर्ण झाल्याशिवाय मतदान करता येत नसे. म्हणजे मला मत देता येत नव्हतं. आणि म्हणूनच की काय, मी ते सगळ्यांना देत सुटलो होतो.

जेवताना मी तुटीचा अर्थसंकल्प समजावून सांगायचो. आई म्हणायची, "सुम्मने, मुकाट्याने जेव की रे, सारू गार होतंय." अप्पा मान खाली घालून जेवत राहायचे. त्या दिवसांत सगळ्याच पक्षांचे जुब्बे त्यांच्याकडे शिवायला यायचे आणि राजकारणावर त्यांचं एवढंच म्हणणं होतं, "पक्ष कुठलाही असू दे, खिसा मोठाच मागतात."

एका सोमवारी सकाळी मी कट्ट्यावर पेपर वाचत बसलो होतो. समोरच्या कमलम्मा नळाची घागर घेऊन चालल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "एनप्पा श्रीधरा, निवडणुकीनंतर काय होणार रे?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता! सगळी उत्तरं मी आपणहून दिलेली होती. मी पेपर बाजूला ठेवला. आईच्या रांगोळीचा डबा तिथेच होता. त्यातली चिमूट घेऊन मी कमलम्मांसाठी फरशीवर मागणीची एक रेघ आणि पुरवठ्याची एक रेघ काढली.

"हे बघा कमलम्मा, निवडणुकीपर्यंत सरकार भाव दाबून धरतं. मतदान झालं की सोडून देतं. समजा, साखर. आज जो भाव आहे, तो दुप्पटसुद्धा होईल!"

"निजवा?" कमलम्मांनी घागर खाली ठेवली. (खरंच का, असं त्यांनी विचारलं. तिथेच मी 'कुणास ठाऊक' म्हणालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.)

"शंभर टक्के," मी म्हणालो.

साखर मी उदाहरणादाखल घेतली होती. तेल घेतलं असतं, तांदूळ घेतला असता. पण कमलम्मांनी नळावर जाऊन सांगितलं ते साखरेचंच. दुपारपर्यंत भाव दुप्पट होणार होता, संध्याकाळी तिप्पट, आणि मंगळवारी सकाळी साखर बाजारातून कायमची नाहीशी होणार होती. "कुणी सांगितलं?" असं कुणी विचारलं की उत्तर तयार असे: "टेलरांचा मुलगा. कॉलेजात सरकारचंच शिकतो!"

मंगळवारी कोपऱ्यावरच्या बसप्पाच्या दुकानापुढे रांग लागली. बसप्पाने रांग पाहिली, डोकं खाजवलं आणि भाव वाढवला. भाव वाढलेला पाहून रांग दुप्पट झाली. ती पाहून बसप्पाने पुन्हा भाव वाढवला! मी हे सगळं आमच्या खिडकीतून बघत होतो आणि मला काय वाटत होतं? लाज? छे! माझी छाती फुगली होती. पुस्तकातली रेघ डोळ्यांदेखत वर चढत होती. मी खाली उतरून रांगेतल्या लोकांना त्यांचं काय चाललंय ते समजावूनसुद्धा सांगितलं. एका बाईंनी अदबीने विचारलं, "माझ्या मुलीचं लग्न कधी जमेल, तेही सांग की."

लग्नावरून सांगायचं राहिलं. त्याच रविवारी आमच्या विमलअक्काचा साखरपुडा होता.

तीन वर्षं शोधून हे स्थळ जमलं होतं. मुलगा बँकेत, वडील येलवालला हेडमास्तर, माणसं देवभोळी आणि रीतभात पाळणारी. आमच्यात मुलाकडून एक पुडा येतो, मुलीकडून एक जातो आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर मूठभर साखर ठेवायची असते. शिवाय पंगतीला चिरोटे. आईने मंगळवारीच मला पिशवी देऊन सांगितलं होतं, "रांगेत उभा राहा आणि साखर घेऊन ये."

मी हसलो. "आई, ही मागणी कृत्रिम आहे. दोन दिवसांत ओसरेल, भाव पडेल. शुक्रवारी आणू."

आईने माझ्यावर विश्वास ठेवला. तिच्या आयुष्यातली ही दुसरी चूक. (पहिली मला अर्थशास्त्राला घातलं ती.)

शुक्रवारी बसप्पाच्या दुकानात रिकामी पोती होती. "मुगितु," बसप्पा हात झटकत म्हणाला. "संपली. तूच तर सांगितलंस सगळ्यांना. चिमूटभरसुद्धा नाही. माझ्या घरी गुळाची कॉफी चाललीय!"

मी सायकल काढली. मार्केटच्या आसपासची सगळी दुकानं झाली. साखर नाही. लष्कर मोहल्ल्यात गेलो. तिथला एक म्हातारा दुकानदार माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "आता मिळायची नाही, तम्मा. देवराज मोहल्ल्यात एक मोठा अर्थतज्ज्ञ आलाय. दिल्लीहून. त्यानेच सांगितलं म्हणे."

"कसा आहे दिसायला?" मी घाबरत विचारलं.

"वयस्क आहे. टक्कल आहे. फार विद्वान!"

त्या टकल्या विद्वानाला मनातल्या मनात शिव्या घालत मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

घरी मी सगळं सांगितलं. आई मटकन खाली बसली. "अय्यो! आता मास्तरांना काय सांगू? मुलीच्या साखरपुड्याला मूठभर साखर मिळाली नाही म्हणून? शकुन-अपशकुन बघणारी माणसं ती!"

मला वाटलं अक्का आता माझं डोकं फोडणार. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "साखर नाही तर नुसता पुडा बांधा. श्रीधरची दोन्ही पुस्तकं त्यात घाला." ती हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यावरच मोडलं. त्यापेक्षा डोकं फोडलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. आवाज न चढवता म्हणाले, "साखर बाजारात नाही, पण गल्लीत आहे. घराघरांत डबे भरलेत. उद्या सकाळी डबा घेऊन प्रत्येक दारात जा. काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. मग माग."

शनिवारी सकाळी मी निघालो. उमेदवार हात जोडत दारोदार फिरत होते, त्यांच्याच मागोमाग मी. पहिलं दार कमलम्मांचं.

"कमलम्मा, चुकलं माझं. भावाचं मला काही कळत नाही. मी सुम्मने, उगीचच बोललो. उद्या अक्काचा साखरपुडा आहे आणि घरात साखर नाही."

कमलम्मा माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खांबाला धरून इतक्या हसल्या की आतून त्यांचे यजमान धावत आले. "मूर्खा! पोरीचा साखरपुडा आणि तू साखर पळवलीस होय रे?" रांगेत ढकलाढकली करून आणलेला डबा त्यांनी आमच्या डब्यात उपडा केला. तळ हाताने पुसून पुसून! आणि त्या पुढच्या दारी माझ्याबरोबरच आल्या. मी क्षमा मागायचो, त्या हकिगत सांगायच्या. दर घरी हकिगत लांबत होती.

कुणी वाटीभर दिली, कुणी शेरभर. फुकट कुणीच दिली नाही. प्रत्येकाने आधी यथेच्छ बोलून घेतलं. पण नाही असं एकाही दारातून ऐकलं नाही. एक आजोबा साखर ओतताना म्हणाले, "मग निवडणुकीनंतर भाव वाढणार की नाही?"

"गोत्तिल्ला," मी म्हणालो. ठाऊक नाही!

"शाब्बास. आत्ता शिकलास."

दुपारी डबा मला एकट्याला उचलवेना. साखर जाड, बारीक, पिवळट, वेलचीच्या वासाची, एका कोपऱ्यात मुंग्यांसकट. एका घरून घाईत रवाही आला होता. आई आणि अक्का चाळणी घेऊन बसल्या, आणि दोघी मुंग्या वेचता वेचता हसत होत्या. तेवढं पाहिलं आणि मीही त्यांच्याजवळ जाऊन बसलो. (रवा वेचायचं काम माझ्याकडे आलं.)

रविवारी साखरपुडा झोकात झाला. साखर जिची, ती प्रत्येक बाई मुलाबाळांसह आली, कारण अप्पांनी सगळ्या गल्लीलाच आमंत्रण दिलं होतं. मी पंगतीत चिरोटे वाढत होतो. घास घेत हेडमास्तरांनी मला विचारलं, "काय श्रीधरराव, तुम्ही अर्थशास्त्राचे ना? मग निवडणुकीनंतर देशाचं काय होणार?"

पंगतीतले सगळे हात थांबले. कमलम्मांनी पदर तोंडात धरला. अप्पा वाढता वाढता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मामा," मी मान खाली घालून म्हणालो, "अजून एक चिरोटा वाढू?"

मास्तर खूश झाले. "मुलगा मितभाषी आहे," ते अप्पांना म्हणाले. त्यावर सगळी पंगत का हसली ते त्यांना कळलं नाही. आमच्यातल्या कुणी त्यांना कधी सांगितलंही नाही. पस्तीस घरांच्या गल्लीत एक गुपित एवढं टिकलं, ते केवळ अक्कासाठी. त्या माणसांचे उपकार मी कुठल्या जन्मात फेडणार?

मतदान झालं, नवं सरकार आलं. बसप्पाकडे पोती आली, भाव उतरला. आणि पुढच्याच महिन्यात कॉलेजच्या चाचणीत प्रश्न आला: 'अफवेचा वस्तूंच्या किमतीवर होणारा परिणाम उदाहरणासह स्पष्ट करा.' माझ्या आनंदाला पारावार उरला नाही! मी सलग सहा पानं लिहिली; रांग, बसप्पा, रेघा, दिल्लीचा टकला विद्वान, सगळं.

वीसपैकी चार गुण मिळाले. खाली तांबड्या शाईत सरांचा शेरा होता: 'उदाहरण अविश्वसनीय. इतका मूर्ख माणूस प्रत्यक्षात आढळत नाही.'