लोंबती वायर

दुसऱ्याची वायर लोंबताना दिसली की तुमचे हात का शिवशिवतात?

हारालाम्बिये वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आला. कॉम्प्युटरचं एक पुस्तकही न उघडता त्यानं रोमानियातल्या गालात्स शहरातल्या आमच्या चार इमारतींचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. गच्चीवरून गच्चीवर वायरी, आणि प्रत्येक जिन्यात वर एक पेटी. तिच्यात घराघरातल्या वायरी येऊन मिळायच्या. सिनेमे, निरोप, खेळ, सगळं आपसात. बाहेरच्या कुणाची मेहेरबानी नाही.

ईस्टरच्या आधीचा आठवडा. खाली अंगणात गालिचे बडवले जात होते. पाचला रहिवाशांची सभा होती. इंटरनेटच्या बड्या कंपनीचा माणूस येऊन आमच्या वायरी उतरवून स्वतःच्या टाकायला सह्या मागणार होता. आणि तीन वाजता चारही इमारती ठप्प!

"घ्या! त्याला आयतंच कोलीत दिलंत!" मी हारालाम्बियेवर खेकसलो.

हारालाम्बिये पेटीपाशी गेला. तिथे सिदोनियाबाई, आमच्या जिन्यावरच्या रहिवाशांच्या प्रमुख, ओलं फडकं घेऊन उभ्या.

"बाई, पेटीला हात कुणी लावला?"

"हात कसला, पुसली! केवढी धूळ! ही वायर लोंबत होती, शेजारी भोक रिकामं होतं, दिली बसवून. सणाला पाहुणे येतात रे, बरं दिसतं का असं?"

"अहो, ती मी तपासणीला ठेवली होती! तिचं दुसरं टोक याच पेटीत आहे. आता निरोप गोल गोल फिरतोय, एकाचे हजार होतायत. बाकीच्यांना वाट कुठून मिळणार?"

"मग चिठ्ठी लावायची! मी काय ज्योतिषी आहे?"

त्यानं टोक उपसलं. पेटीवरचे वेडेपिसे दिवे शांत झाले. सगळं मिळून वीस मिनिटं.

सभेत कंपनीवाला गोड हसला. "आज बंद पडलं म्हणे?"

"मी पाडलं," बाई उठल्या. "यानं वीस मिनिटांत उठवलं. तुमचा माणूस किती वेळात येतो?"

"तक्रार नोंदवल्यावर... तीन दिवसांत."

लोक हसले. तरी दोन इमारतींनी सह्या दिल्याच! तिथले लोक तीनपासून रागावून बसलेले, कुणाचं ऐकायलाच तयार नव्हते. हारालाम्बिये गच्चीवर जाऊन त्यांच्याकडच्या वायरी स्वतःच्या हातानं सोडवून आला. तेव्हापासून तो माझ्याशीही धड बोलत नाही.

उरलेल्या दोन इमारतींचा निकाल ईस्टरनंतर लागणार आहे. तोवर, हात जोडून सांगतो, जिन्यात वायर लोंबताना दिसली तर लोंबू द्या. आधी हारालाम्बियेचं दार वाजवा.