खोली दोन विती आखूड

नुकुईसान आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा कपाटांच्या आधी प्लायवूडचे तक्ते वर आले. क्योतोचं घर मोडलं होतं. त्यांच्या बायकोला, तोकिएसानना, ओसाकाचं इस्पितळ जवळ पडावं म्हणून ही वसाहत.

"चिझु, ते टोक धर गं जरा."

मी धरलं. तक्ते जोडून ठेवायला गेलो, तर शेवटचा भिंतीला टेकून वरच उचलला गेला.

"असं कसं? खोली सहा तातामींची. आराखडा सहा तातामींचा!"

अंथरुणावरच्या तोकिएसान खो खो हसल्या. "अहो, तो क्योतोच्या तातामींचा! या वसाहतीतली तातामीची चटई वीतभर आखूड असते. मोजायची फीत नाही लावलीत ना? वाटलंच मला."

खोलीची लांबी दोन चटयांची, म्हणजे दोन विती कमी.

तोकिएसान डोंगरातल्या एका शेवटच्या स्टेशनात वाढलेल्या. वडील तिथे स्टेशनमास्तर होते. पुढे ती लाइन बंद पडली, रूळही उपटून नेले. नुकुईसान तीच लाइन घरात उभारणार होते, बोटाएवढ्या डब्यांची. एका टोकाला वळसा, मधे चढ, दुसऱ्या टोकाला ते स्टेशन, तिच्या उशीच्या उंचीवर. पडल्या पडल्या तिला गाडी येताना दिसावी. तिचे डोळे उघडे आहेत तोवर.

आता वळसा कापला तर गाडी परत फिरत नाही. मधला भाग कापला तर चढ इतका उभा होतो की इंजिन घसरतं. स्टेशन तर कापायचंच नाही.

"मग चढ काढा की!" तोकिएसान म्हणायच्या.

"तुझं गाव डोंगरावर होतं."

"थोडं खाली आणा. गावातलं कोण उरलंय तक्रार करायला?"

ते हसायचे, आणि पुन्हा पेन्सिलीला टोक काढायचे. मी मुळ्याचं लोणचं द्यायला गेले की जमिनीवर नवा कागद पसरलेला असायचा.

मग इस्पितळाचा लोखंडी पलंग आला. खोली आणखी आखूड झाली आणि उशी उंच गेली. तक्ते बाल्कनीत उभे राहिले.

"पलंग धरून नव्यानं काढतोय. थोडंच राहिलंय."

"अहो, नुसते रूळ टाका ना," तोकिएसानचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "सगळे चटईवर टाकतात, गाडी फिरवतात, संध्याकाळी उचलून ठेवतात."

"उचलायचे रूळ नकोत. तुझे एकदा उचललेत तेवढे पुरे."

त्यानंतर त्या बहुतेक वेळ झोपूनच असायच्या.

पलंग परत गेला त्या सकाळी मी भाताचे गोळे घेऊन गेले. दार उघडंच होतं. चटईवर रूळ टाकलेले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ. ना वळसा, ना स्टेशन. टोकाला गाडी भिंतीला टेकून उभी.

"चढ काढला," नुकुईसान म्हणाले. "धावते."

"मग चालवा ना. मी बघते."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि पहिला तुकडा सोडवला.

"तिच्यासाठी सूत्रं म्हणायला भिक्षू येतील आता. माणसं बसणार कुठे? तू त्या टोकाकडून उचलत ये."

मी उचलत आले.