जर्सी काढलेली मुलगी

मुलांच्या पुस्तकासाठी टॅबलेटवर एखादं पात्र काढून झालं की मी ते पूर्ण काळ्या रंगानं भरून टाकते. डोळे नाहीत, नाक नाही, नुसता आकार. तरीही कोण आहे ते ओळखू आलं, तर ते मुलांच्या लक्षात राहणार. गेल्या हिवाळ्यात असं पात्र मला मलकापुरात, आमच्याच घरात मिळालं. माझ्या भावाची मुलगी, दुसरीत शिकणारी.

भाऊ मिलिटरीत. त्याची जुनी हिरवी जर्सी ती थंडीत शाळेला घालून जाते. आमच्याकडं यात नवल नाही. रजेवर आलेले बाप जर्सी मागं ठेवून जातात आणि पोरं ती पार विरेपर्यंत वापरतात. हिला ती गुडघ्यापर्यंत येते. बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी जाड वळी होते, आणि ती घसरू नये म्हणून पोर कोपरं वर उचलून चालते. मी तिला तशीच काढली. काळ्या रंगात भरली, तरी तीच दिसली.

"आत्या, मी पुस्तकात येणार व्हय?" असं विचारून ती दुसऱ्या दिवशी वर्गभर सांगून आली.

मग पुण्याहून प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन आला. "मुलगी गोड आहे हो, पण स्वेटर फार गरीब वाटतो. काहीतरी प्रसन्न द्या ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सीमेवर उभा राहायला आमचा भाऊ चालतो, त्याचा स्वेटर तेवढा चालत नाही?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, मी उगाच भावनिक होतेय. मी सांगितलं, जर्सी नको असेल तर माझी मुलगीही वापरू नका. "बघू," म्हणाल्या. मला वाटलं, विषय मिटला.

कसला मिटतोय? मूळ फाइल त्यांच्याकडं होतीच. त्यात अंग एका लेअरवर, म्हणजे थरावर असतं, कपडे दुसऱ्यावर. तिथल्या कुणीतरी शहाण्यानं जर्सीचा लेअर बंद केला, त्या जागी गुलाबी फ्रॉक रंगवला आणि हात तसेच सोडले. आता पुस्तकभर ती पोर बिनबाह्यांच्या फ्रॉकात कोपरं उचलून हिंडतेय, बगलेत गळू झाल्यासारखी. हात वर का आहेत, एवढा साधा प्रश्न एकालाही पडू नये? चित्रांची पुस्तकं काढतात म्हणे. मी फोन केला. छपाई होऊन गेली होती. त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही.

माझी प्रत मी कपाटात दडवली. पण पुस्तक शाळेच्या वाचनालयात आलंच. त्या दिवशी पोर घरी आली ती दप्तर टाकून कोपऱ्यात बसली. काय झालं, विचारलं.

"पोरी म्हणत्यात ही तू न्हाईस. मी म्हनलं, मीच हाय, हात बघा की माजं." मग म्हणाली, "जर्सी घाण दिसती म्हणून काढली व्हय गं?"

"न्हाई गं. त्या लोकांना अक्कल नाही," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलंच गारठलं होतं. तिनं जर्सी घडी करून माझ्या हातात दिली.

"पप्पांचा फोन आला तर त्यास्नी सांगू नगंस," म्हणाली, आणि तशीच शाळेला गेली.